चेहरा ही किल्ली नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या सल्ला केंद्राची बैठक एका टॅबवरून अडली. विषयपत्रिकेवर पाच विषय होते. थकलेल्या पोटगीच्या तीन केसेस, जागेचं वाढलेलं भाडं, तालुक्याच्या मेळाव्याचा हिशेब, नव्या कार्यकर्त्यांचं शिबिर आणि शेवटी 'नवीन टॅब घेणे'. शेवटचा विषय पाच मिनिटांचा, म्हणून आम्ही तो आधी घेतला. चहा दोनदा झाला, शेवटची एसटी गाठायची म्हणून दोघी उठून गेल्या, तरी तो संपला नाही. त्या भांडणात मी जे म्हणाले ते इथे सविस्तर मांडते आहे. कारण हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक गटापुढे येणार आहे.

हकीकत साधी आहे. आमच्याकडे एक जुना टॅब आहे. केंद्रात येणाऱ्या बाईची पहिली नोंद त्यावर होते. तिचं नाव, माहेरचा पत्ता, मुलांची शाळा, मारहाणीच्या खुणांचे फोटो, संरक्षण अधिकाऱ्याला द्यायच्या अर्जाचा मसुदा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घर सोडल्यावर ती सध्या कुठे राहते आहे ते. या टॅबची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. काचेला तडा गेला आहे. कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद होऊन काही वर्षं झाली. आता एका देणगीदार संस्थेनं नवीन टॅब देऊ केला आहे, पुढच्या तिमाहीत येईल. त्याच्या माहितीपत्रकात सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलं आहे की हा टॅब चेहरा ओळखून उघडतो.

आमच्यातली सगळ्यात तरुण कार्यकर्ती खूश झाली. "ताई, आता नंबर लक्षात ठेवायला नको. नुसतं बघायचं की उघडला!" तिचा आनंद खोटा नव्हता. दिवसातून चाळीस वेळा तो नंबर दाबणारी तीच.

केंद्राची साफसफाई आणि चहापाणी बघणाऱ्या मावशी दाराशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणि कुणी माझं तोंड धरून त्याच्यापुढं केलं तर?"

आम्ही हसलो. मग हसू थांबलं. कारण खोलीतल्या प्रत्येकीला कुठली ना कुठली केस आठवली होती.

झोपलेल्या बाईचा होकार

मला आठवली ती केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ही बाई आमच्याकडे चार महिने येत होती. घर सोडायची तयारी सावकाश चालली होती. कागदपत्रांच्या प्रती बहिणीकडे ठेवल्या होत्या, थोडे पैसे साठवले होते, तारीख ठरायची होती. आमच्याशी बोलणं फोनवरच्या संदेशांतून व्हायचं. फोनला नंबरचं कुलूप होतं, तो नंबर तिनं नवऱ्याला कधी सांगितला नव्हता. मग दिवाळीत त्यानं तिला नवीन फोन आणून दिला. कौतुकानं. दुकानदारानं तिथेच तिचा चेहरा भरून दिला. महिन्याभरानं एका रात्री ती झोपेत असताना त्यानं तो फोन तिच्या तोंडासमोर धरला. फोन उघडला. चार महिन्यांचं सगळं त्यानं एका रात्रीत वाचलं. सकाळी ती आमच्याकडे आली ती हात गळ्यात बांधून.

त्या फोननं तिचं काय चुकवलं? यंत्राच्या दृष्टीनं काहीच नाही. चेहरा तिचाच होता. यंत्रानं बरोबर ओळखलं आणि दार उघडून दिलं.

मैत्रिणींनो, इथेच माझा मुद्दा आहे. चेहरा 'तुम्ही कोण' हे सांगतो. 'तुमची इच्छा आहे का' हे सांगत नाही. नंबर सांगण्यासाठी बाईला काहीतरी करावं लागतं. तोंड उघडावं लागतं, बोट हलवावं लागतं. ती गप्प बसली तर दार बंदच राहतं. चेहऱ्याच्या कुलपात गप्प बसण्याला अर्थच उरत नाही. झोपलेली बाई, बेशुद्ध बाई, दोघांनी धरून ठेवलेली बाई, सगळ्या यंत्रासमोर सारख्याच.

हा तर्क आपल्या ओळखीचा आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडून दिलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो हिशेब होता. त्या निकालाविरुद्ध १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, १९८० साली बायका रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला. बलात्कार आणि फोनचं कुलूप या एका मापाच्या गोष्टी नाहीत, हे मला कळतं. पण 'विरोध दिसला नाही म्हणजे होकार' हे वाक्य खोडून काढायला आपल्या चळवळीनं उमेद खर्च केली आहे. तेच वाक्य आता यंत्रात बसून घरात येतं आहे, आणि आपण त्याला 'सोय' म्हणतो आहोत.

सगळी कुलपं सारखी नसतात

बैठकीत मला ऐकवलं गेलं, "तुम्ही उगाच घाबरवता, आताची यंत्रं फार हुशार आहेत." म्हणून यंत्र काय करतं ते नीट समजून घेऊ.

चेहरा ओळखणारी कुलपं ढोबळमानानं दोन प्रकारची. महागड्या प्रकारात डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे तीस हजारांहून जास्त ठिपके चेहऱ्यावर टाकले जातात आणि नाक, डोळ्यांच्या खाचा, हनुवटी यांची खोली मोजली जाते. ॲपलनं हे २०१७ साली फोनमध्ये आणि २०१८ साली आयपॅड प्रोमध्ये आणलं. हे यंत्र डोळे उघडे आहेत का, नजर पडद्याकडे आहे का, हेही बघतं; पण ती तपासणी सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. स्वस्त प्रकारात तसलं काही नसतं. समोरचा साधा कॅमेरा सपाट फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून बघतो. आपल्या संस्थांना आणि आपल्याकडे येणाऱ्या बायकांना परवडतात ते बहुतेक याच प्रकारातले.

नेदरलँड्समधल्या ग्राहक संघटनेनं २०१९ साली ११० फोन तपासले. त्यातले ४२ फोन मालकाचा नुसता फोटो दाखवून उघडले. त्याच वर्षी गुगलनं पिक्सेल ४ हा महागडा फोन बाजारात आणला, तो मिटलेल्या डोळ्यांनाही उघडत होता. बोंबाबोंब झाली, कंपनीनं दुरुस्ती कबूल केली, ती यायला २०२० साल उजाडलं. इतकी मोठी कंपनी, इतके हुशार इंजिनिअर, आणि फोन विकायला काढण्याआधी झोपलेल्या बाईचा विचार झाला नाही! सॅमसंगच्या फोनमध्ये चेहरा भरताना सूचनाच येते की हे कुलूप नंबर किंवा पासवर्डपेक्षा कमी सुरक्षित आहे आणि तुमच्यासारखी दिसणारी व्यक्ती ते उघडू शकते. म्हणजे विकणाऱ्याला ठाऊक आहे. फक्त ती सूचना माहितीपत्रकातल्या मोठ्या अक्षरांत नसते.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रत्येक केंद्रात भिंतीवर लावून ठेवायला हवी. आयफोन आणि आयपॅडमध्ये २०१८ पासून दुसरा चेहराही भरता येतो. ज्याला नंबर माहीत आहे तो गुपचूप स्वतःचा चेहरा दुसरा म्हणून भरून ठेवू शकतो. बाई नंतर नंबर बदलते आणि निश्चिंत होते. चेहरा मात्र आत तसाच बसलेला असतो.

मग आमच्याकडे येणाऱ्या बाईचा चेहरा यंत्राला नेहमी ओळखू तरी येतो का? ओठ फाटलेला, डोळा सुजून बंद झालेला, अशा अवस्थेत तिला फोनची सगळ्यात जास्त गरज असते. त्याच वेळी यंत्र म्हणू शकतं, ही ती नव्हे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेत खातं उघडताना डोळ्यांची उघडझाप करून आपण जिवंत असल्याचं कॅमेऱ्याला दाखवायला सांगितलं गेलं. पापण्यांची इजा अशी की ते शक्यच नव्हतं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. एका बाईला डोळे मिचकावता येत नाहीत, एवढी गोष्ट यंत्राला समजावून द्यायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

यंत्राची नजर शिकवावी लागते, आणि ज्यांचे चेहरे दाखवून ती शिकवली त्यांनाच ती नीट ओळखते. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोघी संशोधक बायकांनी, चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. उजळ कातडीच्या पुरुषांच्या बाबतीत चूक १ टक्क्याच्याही आत. गडद कातडीच्या बायकांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. हे फोनच्या कुलपाचं माप नव्हे, पण यंत्रांची सवय कुणाच्या चेहऱ्याची आहे ते त्यातून दिसतं.

"लपवण्यासारखं आहे काय?"

बैठकीतला दुसरा आक्षेप जास्त अवघड होता. "ताई, नवरा मारून नंबरही काढून घेईल की. मग फरक काय?"

खरं आहे. घेतात. अशाही केसेस आमच्याकडे आहेत. पण फरक आहे, आणि तो लहान नाही. नंबर मारून घेतला तर बाईला कळतं की तो गेला. ती दुसऱ्या दिवशी तो बदलू शकते, आम्हाला कळवू शकते, ठरलेली तारीख पुढे ढकलू शकते. झोपेत उघडलेल्या फोनची तिला खबरही नसते. आणि चेहरा बदलता येत नाही. तो एकदा किल्ली झाला की जन्मभराची किल्ली. तीच गोष्ट बोटाच्या ठशाची. झोपलेल्या बाईचं बोटही उचलता येतं.

तिसरा आक्षेप नेहमीचाच. "जिला लपवायचं नाही तिनं घाबरायचं कशाला?" हे वाक्य सासरी पत्र फोडून वाचणारे म्हणत होते, पगाराची पाकिटं उघडणारे म्हणत होते. आता फोन तपासणारे म्हणतात. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ज्यांच्याकडे स्वतः वापरायचा मोबाईल आहे अशा बायका ५४ टक्के, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलं गेलं. ज्या बाईला आयुष्यात स्वतःची खोली नाही, कडी लावता येईल असं कपाट नाही, तिच्यासाठी फोनचा तो पडदा ही पहिली कडी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क सरकारच्या दारात मागायचा तसाच स्वतःच्या घरातही मागायचा आहे.

आणि "तंत्रज्ञान तटस्थ असतं, वापरणारा वाईट असतो" हे तर आपल्याला सांगूच नका. गर्भजलाची तपासणी गर्भातले दोष शोधायला आली होती. तिनं मुली शोधून दिल्या. तेव्हाही डॉक्टर म्हणत होते की यंत्राचा काय दोष, समाज बदला. महाराष्ट्रातल्या बायकांनी समाज बदलेपर्यंत वाट पाहिली नाही. १९८८ साली देशातला पहिला गर्भलिंगनिदान विरोधी कायदा या राज्यात झाला, केंद्राचा १९९४ साली आला. यंत्र कुठल्या समाजात उतरतं आहे हा प्रश्न यंत्र विकत घेण्याआधी विचारायचा असतो, हे आपण तिथे शिकलो.

मग जुनाच टॅब बरा का?

नाही. इथे मला आमच्यातल्या जुन्या मंडळींशीही भांडायचं आहे, आणि त्यात मीही मोडते. आमच्यातली एक म्हणाली, "नकोच ते. जुना चालतोय तोवर चालवू, नाहीतर वहीत लिहू." वहीबद्दल मला प्रेम आहे. पण वही कपाटातून उचलून नेता येते आणि तिला कुलूप नसतं. ज्या टॅबला सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत त्याच्या भिंतीला पडलेली भोकं कुणी बुजवत नाही. त्यात दीडदोनशे बायकांचे पत्ते ठेवणं हा साधेपणा नव्हे, हलगर्जीपणा आहे. 'आम्हाला त्यातलं काही कळत नाही' असं अभिमानानं सांगायचे दिवस गेले. बाई आपल्यावर विश्वासून पत्ता देते, तेव्हा तो कुठे राहतो हे कळून घेणं आपलं काम आहे.

म्हणून बैठकीत मी ठराव मांडला आणि थोड्या दुरुस्त्यांनंतर तो एकमतानं मंजूर झाला. इतर गटांना उपयोग व्हावा म्हणून देते.

नवीन टॅब घ्यायचा. त्यात कुणाचाही चेहरा किंवा ठसा भरायचा नाही. दुकानदारानं किंवा देणगीदारांच्या माणसानं 'सुरू करून दाखवतो' म्हटलं तरी नाही. कुलूप आकड्यांचंच, किमान सहा आकडे, कुणाची जन्मतारीख नाही. कार्यकर्ती काम सोडून गेली की त्याच दिवशी नंबर बदलायचा.

टॅबमधले फोटो आपोआप कंपनीच्या साठवणीत जाऊ द्यायचे नाहीत. फोटोंच्या ॲपमध्ये चेहऱ्यांनुसार फोटोंचे गठ्ठे करण्याची सोय असते, तीही बंद करायची. नाहीतर आपण मारहाणीच्या खुणांचा फोटो काढतो आणि ॲप तो तिच्या मेळाव्यातल्या हसऱ्या फोटोशेजारी नेऊन ठेवतं.

जुना टॅब पूर्ण पुसल्याशिवाय बाहेर जाणार नाही. 'पोरांना खेळायला' म्हणून तर मुळीच नाही.

केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईशी फोनबद्दल बोलायचं. कुलूप कुठलं आहे? कुणी भरून दिलं? नंबर आणखी कुणाला माहीत आहे? चेहरा भरलेला असेल तर तो काढून टाकायचा का, हे तिच्यावर सोडायचं. कारण कुलूप अचानक बदललं म्हणूनही मार पडतो. काढणं धोक्याचं असेल तर निदान एवढं शिकवायचं: आयफोनवर बाजूचं आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरलं, बंद करण्याची पट्टी आली की चेहऱ्याचं कुलूप तात्पुरतं थांबतं आणि फोन नंबरच मागतो. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये बंद करण्याच्या बटणापाशी 'लॉकडाउन' नावाची तशीच सोय असते. झोपण्याआधीची ही दोन सेकंदं आहेत.

टॅब चालू झाला की तरुण कार्यकर्तीला दिवसातून चाळीस वेळा सहा आकडे दाबावे लागतील. ती कुरकुरली. मग म्हणाली, "दाबते. पण शिबिरात हे मी शिकवणार, तुम्ही नाही." मला ते पटलं.

ज्यांना बंद करण्याचं बटण नाही

इथे थांबता आलं असतं. आमचा टॅब, आमचा ठराव. पण घरी जाताना माझ्या मनात दुसरीच गोष्ट होती. आम्ही चेहऱ्याचं कुलूप बंद करू शकलो, कारण सेटिंगमध्ये ते बंद करण्याचं बटण आहे आणि ते आमच्या हातात आहे. ज्यांच्या हातात ते नाही त्यांचं काय?

केंद्र सरकारनं १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, देताना 'पोषण ट्रॅकर' ॲपवर चेहरा जुळवणं सक्तीचं केलं. आधी आधारशी जोडून बाईची ओळख नोंदवायची, फोटो भरायचा. मग आहार देताना सेविकेनं तिचा चेहरा मोबाईलसमोर धरायचा, जुळला तर आहार दिल्याची नोंद. अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा. त्याच्या कलम ४ नं गरोदर आणि स्तनदा बाईला आणि कलम ५ नं सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला अंगणवाडीतून आहाराचा हक्क दिला आहे. तो हक्क पोटासाठी आहे. त्या कलमांत चेहरा जुळण्याची अट नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे सात महिन्यांची गरोदर बाई आली. मार खाऊन माहेरी निघून आलेली. गावातल्या अंगणवाडीत नाव घालायला गेली तर आधारची ओळख पटवायला ओटीपी लागणार. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा. ओटीपी त्याच्या हातात पडला. म्हणजे बाईनं कुठेतरी नाव घातलं हे त्याला लगेच कळलं, आणि ओटीपी हवा असेल तर तिनं त्याला फोन करायचा. ज्या माणसापासून ती पळाली त्याच्याच हातात तिच्या आहाराची किल्ली. सेविका बिचारी मला म्हणाली, "ताई, मी देते तिला, माझ्या जिवाला बरं वाटणार नाही न देऊन. पण ॲपमध्ये दाखवता येत नाही. उद्या मला विचारलं तर मी काय सांगू?"

ही सेविका आपली शत्रू नाही, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं. यंत्र तिच्याही मानेवर आहे. नेटवर्क नसलं, चेहरा जुळला नाही, तर बोलणी खाणारी ती. मानधनावर राबणारी, सरकारी कर्मचारी न मानली गेलेली. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा या बायकांना २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाकडून मिळवावा लागला. आणि यंत्राला 'नाही' म्हणायचं कसं हे आपल्याला त्यांनीच दाखवलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल गठ्ठ्यानं परत केले. मोबाईल निकृष्ट, तापणारे, बंद पडणारे. वरून पोषण ट्रॅकरवर इंग्रजीत माहिती भरायची सक्ती. तंत्रज्ञान नको असं त्या म्हणत नव्हत्या. चालेल असं यंत्र आणि कळेल अशी भाषा द्या, असं त्या म्हणत होत्या. एकेकटीनं नव्हे, सगळ्यांनी मिळून.

कुणी म्हणेल, चोरी थांबायला नको का? आहाराची पाकिटं मधल्या मधे गायब होतात, ते खरंच आहे. पण ती ठेक्यांत, गोदामांत, खोट्या बिलांत होतात. तिथे कुणाचा चेहरा तपासला जातो? सगळ्या साखळीत चेहरा दाखवायचा तो फक्त शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या गरोदर बाईनं. ठेकेदाराला चेहरा नाही, आणि हिला चेहऱ्याशिवाय काही नाही.

कायद्याकडे जावं तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीबद्दल छान शब्द आहेत. पण कलम ७ मध्ये सरकारी लाभ देण्यासाठी सरकारला माहिती वापरायची मोठी मोकळीक ठेवली आहे. म्हणजे टॅब विकत घेणाऱ्या बाईला संमती विचारायची आणि आहार मागणाऱ्या बाईला नाही. संमती ही आता ऐपतीची गोष्ट झाली.

माझं म्हणणं असं. आपण आपापल्या टॅबची आणि फोनची कुलपं नीट करून समाधान मानलं, तर ती फक्त आपली सोय झाली. आपल्या गटांनी आपापल्या तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जावं आणि लेखी उत्तर मागावं. चेहरा जुळला नाही तर त्याच दिवशी, त्याच जागी, सही किंवा अंगठ्यावर आहार मिळेल का? तशी नोंद करणाऱ्या सेविकेला जाब विचारला जाणार नाही, असं लिहून देणार का? घर सोडून आलेल्या बाईची ओळख नवऱ्याच्या मोबाईलशिवाय पटवायची सोय काय? हे फोटो कुठे जातात, किती वर्षं राहतात, आणखी कुणाला दिसतात? आणि जी बाई म्हणेल की आहार हवा, फोटो द्यायचा नाही, तिला हाकलून देणार का? जाताना सेविकांच्या संघटनेला बरोबर घ्या. त्यांना वगळून हे भांडण लढता येणार नाही.

आमचा टॅब पुढच्या तिमाहीत येईल. सहा आकड्यांचा नंबर अजून ठरायचा आहे, तो मी इथे अर्थातच सांगणार नाही. मावशींना मी विचारलं, बैठकीत तुमच्या मनात तो प्रश्न आला कसा? त्या म्हणाल्या, "माझा नवरा अंगठा धरायचा की. कोऱ्या कागदावर. जमीन गेली तशी." आणि कपबशा उचलून आत गेल्या.